तुझ्याकडे ठेवलेलं प्रस्थान

प्रिय इरावती,

आपली दारं समोरासमोर. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की आपण दोघी एकदमच बादल्या घेऊन बाहेर येणार, आणि गाडी गेली तरी तिथेच रस्त्यात उभ्या राहून बोलत बसणार, असं किती वर्षं चाललं होतं. आता मी काय करते ते तुला माहीत आहे. गाडी पुढच्या वळणावर गेली की मी बादली घेऊन तिच्यामागे पळते. साठीची बाई, गाऊनवर ओढणी टाकून. परवा गाडीवरचा माणूस म्हणाला, "आंटीजी, घर के सामने ही तो रुकते हैं, काहे को दौड़ लगा रहे हो?" त्याला काय सांगू, की समोरच्या दारातल्या बाईचं तोंड बघायचं नाही म्हणून पळते आहे? ज्या तोंडाशी बोलल्याशिवाय माझा सकाळचा चहा गळ्याखाली उतरत नव्हता, त्याच तोंडाची आता मला चीड येते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आज बुधवार. दुपारी मी डिकी भरायला घेतली तेव्हा तुझ्या स्वयंपाकघराचा पडदा हलला. म्हणजे तू बघितलंस. बघ, खुशाल बघ. तंजावरला जायचं, एकटीने, स्वतः गाडी चालवत, हे मी अजून सोडलेलं नाही. सामानही तेच आहे, तुझ्या डोळ्यांसमोर जमवलेलं. सगळ्यात खाली टायरमध्ये हवा भरायचा पंप, गाडी ओढायचा दोर आणि कूलंटची बाटली. त्यावर कपड्यांची एकच बॅग. मग चादर, छत्री, विजेवर चालणारी किटली. खाण्याच्या पिशवीत लसणाची सेव, भाजलेले पोहे, गूळपापडी आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची बाटली, कारण सोलापूरच्या पुढे जीरावन मागितलं तर लोक आपल्याला वेडात काढतील. आणि बायकांना रस्त्यात जी अडचण येते तिच्यासाठी एक मग, पाण्याची मोठी बाटली आणि जुनी साडी. ती साडी कशी धरायची याची रंगीत तालीम तू आपल्या अंगणात करून दाखवली होतीस आणि वरच्या मजल्यावरची मनोरमाबाई गच्चीतून बघत होती, आठवतं? जे आधी लागणार ते डिकीत शेवटी ठेवायचं, हा संजीवचा नियम. लग्नानंतर आयुष्यभर त्यांनी डिकी भरली आणि मी घरातून सामान उचलून आणून दिलं. भरताना कळलं की नियम चांगला होता, पण भरायची मजा मात्र त्यांनी एकट्यानेच घेतली.

तंजावरच का, हे फक्त तुला माहीत होतं. माझ्या सुनेच्या, श्रियाच्या माहेरच्या लग्नाला मी पुण्याला गेले होते. तिथे स्वयंपाकघरात मी सहज म्हटलं की भाजी सुधारून ठेवली आहे, आणि सगळ्या बायका हसल्या. का, बिघडली होती का, असं विचारलं एकीने. आपण इंदूरवाले भाजी सुधारतो, त्या चिरतात. तुमचं मराठी कित्ती गोड आहे हो, असंही वर ऐकवलं. ते "गोड" मला इतकं झोंबलं की मी जेवलेसुद्धा नाही नीट. आपले पूर्वज होळकरांच्या फौजेतून इथे आले, पिढ्यान्‌पिढ्या आपण घरात मराठी टिकवून धरली, आणि वर सर्टिफिकेट काय, तर गोड! त्याच लग्नात तंजावरचं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांची मराठी आपल्याहून कितीतरी जुनी आणि वेगळ्याच चालीची. त्यांना मात्र कुणी हसलं नाही, कारण ते फारच लांबचे होते. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि एकदा आमच्या घरी या म्हणाल्या. बस, तेव्हाच ठरलं. आपल्यासारखेच कुणीतरी, आपल्याहून दूर फेकलेले, घरात काय बोलतात ते मला त्यांच्या ओट्याशी उभं राहून ऐकायचं होतं. विमानाने जाता आलं असतं, ट्रेनने जाता आलं असतं. पण आपले लोक उत्तरेकडे आले ते रस्त्याने आले, तिकडे दक्षिणेकडे गेले तेही रस्त्यानेच. मला तो रस्ता चाकाखाली घालायचा होता. हे तुला सांगितलं तेव्हा तू मला वेडी म्हणाली नाहीस. उलट ड्रॉइंग पेपरवर रंगीत नकाशा काढून दिलास, त्यात हंपीच्या जागी एक माकडही काढलंस. तू इतकी वर्षं देपालपूरच्या शाळेत चित्रकला शिकवलीस त्याचं चीज झालं, असं मी म्हटलं होतं.

देपालपूरची ती बस तरी कशी विसरायची? मी गणित, तू चित्रकला, आणि एक सीट. तुला बस लागायची म्हणून खिडकी कायम तुझी. मी मधल्या बाजूला, माझ्या मांडीवर तुझी पर्स, आणि शेजारी उभ्या माणसाचं दूध किंवा कोंबडी. आमच्या घरात गाडी होती, पण स्टिअरिंगला हात लावायची मुभा मला नव्हती. संजीव वाईट नव्हते गं, तुला माहीत आहे, पण गाडीच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. ते गेल्यावर गाडी कव्हर घालून उभी होती. विकू नकोस, शिक, असं म्हणणारी तू. सांवेरच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा टायर बदलायला बसले, तेव्हा भर उन्हात माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिलीस तू. जाणारे ट्रॅक्टरवाले थांबून विचारत होते, मदत हवी का, आणि तू त्यांना हाकलत होतीस, "नहीं भिया, वो सीख रही है, आप तो निकलो!" शेवटचा नट आवळला तेव्हा आपण दोघी रस्त्याच्या कडेला बसून इतक्या हसलो की मला वाटलं, माझं माणूस हेच. मुलगा मुलगा असतो, पण माणूस हेच. म्हणूनच जास्त लागतं.

वाढदिवस होता गुरुवारी. साठीत पाऊल टाकायचं ते गिअर टाकूनच, असं मी ठरवलं होतं. पंचांग काढलंस तू. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, त्या दिवशी तिकडे तोंड करून घर सोडायचं नाही म्हणालीस. मी म्हटलं, मग काय, साठी पुढे ढकलू? मी या गोष्टी मानत नाही, तू मानतेस, यावरून आपण कधी भांडलो नाही. तूच तोड काढलीस, प्रस्थान ठेव. रविवारी सकाळी चांगला मुहूर्त आहे, तेव्हा तुझी एखादी वस्तू माझ्या घरी आणून ठेव, म्हणजे तू रविवारीच निघालीस असं होईल, गुरुवारी जाताना वाटेत उचल. आमच्याकडेही हे चालायचं. स्वारीचा दिवस वाईट निघाला तर आमच्या पणजोबांचे वडील शेजाऱ्याकडे तलवार नेऊन ठेवत आणि स्वारी लांबली की तलवार तिथेच गंजायची, असं आजोबा सांगत. मी हसत हसत एक सुपारी ठेवते म्हटलं. तर तू रागावलीस. सुपारीने काय होतं, म्हणालीस, जिच्यावाचून पाऊल पुढे पडणार नाही अशी वस्तू ठेवायची, नाहीतर ते प्रस्थान कसलं? आणि एक सांगितलंस, चांगलं दोनदा सांगितलंस, की एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही, ते फक्त पुढे जातं. मग तूच माहेश्वरी साडीच्या काठाची थैली शिवलीस. तिच्यात मी माझं लायसन्स ठेवलं, गाडीचे कागद ठेवले, दुसरी किल्ली ठेवली. रविवारी सकाळी तुझ्या देवघरासमोर पाटावर ती थैली ठेवली, तू तिला हळदकुंकू लावलंस, माझ्या हातावर दही दिलंस. मी मानत नाही, तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. मी खरंच निघाले आहे, असं वाटलं.

मानसला काही सांगायचं नाही हे आपलं ठरलं होतं. बुऱ्हाणपूर गाठलं की मीच त्याला फोन करणार होते, म्हणजे त्याला ओरडायला वाव राहील पण अडवायला राहणार नाही. बुधवारी दुपारी मी गाडीचं कव्हर काढून घडी घालत होते, तर फाटकाशी रिक्षा थांबली आणि मानस उतरला, हातात केक. पुण्याहून विमानाने, आईला सरप्राइज! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, पोराला आईचा वाढदिवस आठवला. तो पाणी प्यायला, त्याने गाडीची किल्ली खुंटीवरून घेतली, पेट्रोल टाकून आणतो म्हणाला, आणि खिशात घातली. मग म्हणाला, जरा मावशीला भेटून येतो. मी चहा टाकला. खिडकीतून मला तुझं फाटक दिसत होतं. तू बाहेर आलीस आणि ती माहेश्वरी काठाची थैली त्याच्या हातात दिलीस. दोन्ही हातांनी दिलीस, देवाचं देतात तशी. तो रस्ता ओलांडून आला, आमच्या उंबऱ्याच्या आत आला आणि त्याने थैली टेबलावर केकशेजारी ठेवली. तू फाटकातच उभी होतीस. प्रस्थान परत घरात आणायचं नसतं, हे मानस काय जाणे. तू जाणत होतीस. मी न मानणारी बाई, तरी ती थैली उचलून परत उंबऱ्याबाहेर ठेवावी असं मला वाटलं. कुंपणानेच शेत खाल्लं, असं ऐकत आले होते. आपल्या शेताचं कुंपण असं हळदकुंकू लावून खाईल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मानस ओरडला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, "आई, सॉरी, पण हे नाही होणार. इतकी दूर, अकेली? काही झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, तुझे बाबा गाडीत नाही गेले, सोफ्यावर टीव्ही बघताना गेले, मग सोफ्यावर बसायची बंदी कर मला. तो हसला नाही. मग म्हणाला, "तू गौतमपुऱ्याहून येताना घरचा रस्ता विसरली होतीस ना? मावशीने सांगितलंय मला."

इरावती, गौतमपुरा मी तुला कसं सांगितलं होतं? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट बघायला गेले होते मी, दोन्हीकडची पोरं दारू भरलेली हिंगोटाची पेटती फळं एकमेकांवर फेकतात ते लांबून तरी एकदा बघायचं होतं. परत निघाले तर पोलिसांनी रस्ता बंद केलेला. गर्दी, धूर, अंधार पडायला आलेला. मी शेतांमधून जाणारा रस्ता धरला आणि भलत्याच गावात निघाले. तिथे एका म्हाताऱ्याला इंदूर कुठे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "इंदौर तो तम पाछे छोड़ी आया, बई!" आणि मला खाटेवर बसवून चहा पाजल्याशिवाय सोडेना. घरी आल्या आल्या मी तुझ्याकडे आले होते. त्याची नक्कल करून दाखवली, पोलिसाची केली, माझी स्वतःचीही केली, खाटेवर बशीतून चहा पिणारी हरवलेली गणिताची बाई. तू इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अजून एकदा सांग म्हणालीस, म्हणून मी परत सगळं सांगितलं. त्यातून मानसपर्यंत काय गेलं? आई रस्ता विसरली. एवढंच. पोलीस नाही, धूर नाही, बंद रस्ता नाही, म्हातारा नाही, चहा नाही. तू खोटं बोलली नाहीस, हे मी मान्य करते. म्हणून तर तुला धड खोटारडीही म्हणता येत नाही.

त्यानंतर माझं काय झालं ते तू पडद्याआडून बघितलंच असशील, पण आतलं तुला दिसलं नसेल. वाढदिवसाच्या दिवशी तंजावरच्या रस्त्याऐवजी मी मेंदूच्या डॉक्टरांच्या बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर भले होते. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. पुरे म्हणाले तरी मी थांबले नाही, थेट दोनवर येऊन थांबले. मग घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. ते काढताना मला तूच आठवत होतीस, कारण वर्तुळ हाताने गोल कसं काढायचं हे मला तू शिकवलं होतंस. डोक्याचा फोटोही काढला. सगळं ठीक आहे, तुमच्या आई माझ्यापेक्षा जास्त शाबूत आहेत, असं ते मानसला म्हणाले. मानसला आनंद झाला, खरंच झाला. पण "विसरली" हा शब्द एकदा घरात शिरला तो शिरलाच. संध्याकाळी मी चष्मा शोधत होते, डोक्यावरच होता, काखेत कळसा, जन्मभर माझं हे असंच आहे. मानस फक्त माझ्याकडे बघत राहिला. आपल्या पोटच्या पोराने आपल्याकडे तसं बघणं म्हणजे काय असतं, ते शत्रूलाही कळावं असं मी म्हणणार नाही. आता मी दूध उतू घालवायला घाबरते. भाजीवाल्याचं नाव चटकन आठवलं नाही तर मला घाम फुटतो. हे तू माझ्या घरात आणून ठेवलंस.

आणि तरीही मी तुला क्षमा केली असती. काळजीने केलं असेल, माया आंधळी असते, असं म्हणून मी तुझ्याकडे चहाला आलेही असते. पण पुण्याला परत जायच्या दिवशी मानस मला समजवायला म्हणून म्हणाला, "मावशीवर चिडू नकोस. बाबा गेले तेव्हापासून मीच तिला सांगून ठेवलंय, आईवर लक्ष ठेव. ती दर रविवारी मला सगळं सांगते." दर रविवारी! मी त्याला विचारत गेले आणि तो बिचारा सरळपणाने सांगत गेला. संजीव गेल्यावर मी बरेच दिवस रात्री जेवत नव्हते, ते त्याला माहीत. त्यांचे शर्ट मी देऊन टाकले आणि मग एक परत मागून आणला, ते माहीत. मी एकदा तुझ्याकडे रडत म्हणाले होते की मानसच्या घरी मला पाहुण्यासारखं वाटतं, आठ दिवस झाले की श्रियाचा चेहरा बदलतो. तेही माहीत, इरावती! तेव्हाच कळलं की श्रिया माझ्याशी हल्ली इतकी जपून का बोलते. तुझ्या ओट्याशी उभं राहून मी जे जे बोलले ते सगळं परत आठवून बघते आहे आता. हे पोचलं असेल का, ते पोचलं असेल का? संजीव गेल्यानंतरची सगळी वर्षं मला नव्याने जगून बघावी लागताहेत, आणि या खेपेला प्रत्येक ठिकाणी खोलीत तिसरं माणूस बसलेलं आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्याला आपण मायाच करतो आहोत असं वाटत असतं.

तू असं का केलंस, यावर मी फार विचार केला. तुझी मुलगी रुची कॅनडात, तिचा फोन येतो तो सणावारी. माझा मानस दर रविवारी "मावशी, कशी आहेस" म्हणून तुला फोन करायचा, तुझं ऐकून घ्यायचा. तुला त्याला द्यायला काहीतरी हवं होतं, आणि तुझ्याकडे देण्यासारखी मी होते. हे मला समजतं. समजलं म्हणून राग गेला नाही, उलट आता धड रागावताही येत नाही. मला एकदा सांगितलं असतंस, की मानस विचारतो, मी सांगते, तर मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग आपण दोघींनी मिळून त्याला काय सांगायचं ते ठरवलं असतं. गेल्या आठवड्यात तू मनोरमाबाईंच्या हाती श्रीखंडाचा डबा पाठवलास. मी तो घासूनपुसून रिकामा परत पाठवला. आपल्यात डबा कधी रिकामा फिरवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. घालायला साखर घरात होती. मी मुद्दाम घातली नाही आणि मग रात्रभर मला त्याच गोष्टीची लाज वाटत राहिली. श्रीखंड चांगलं झालं होतं.

मानस दोन्ही किल्ल्या आणि थैली पुण्याला घेऊन गेला. त्याला वाटतं, गाडी आता नुसतं लोखंड आहे. पण लायसन्स आणि गाडीचे कागद हल्ली फोनमध्ये ठेवता येतात, पोलीसही ते चालवून घेतात, आणि माझ्या फोनमध्ये ते दिवाळीपासूनच आहेत. हे मी तुला सांगायचं राहून गेलं होतं. बघ, एक गोष्ट चुकून वाचली! किल्लीसाठी शोरूममध्ये अर्ज दिला. नवी किल्ली यायला वेळ लागला, पण आली. तू भजनाला गेलेली असताना मी गाडी काढून देपालपूरपर्यंत जाऊन आले. शाळेसमोर थांबले नाही. परत येताना रस्ता चुकले नाही.

उद्या परत गुरुवार आहे. दक्षिणेला परत दिशाशूळ आहे आणि या वेळी मी कुणाच्याही घरी काही ठेवलेलं नाही. उजाडता उजाडता निघेन. हे पत्र तुझ्या फाटकाच्या कडीत असेल, म्हणजे तू दुधाची पिशवी घ्यायला येशील तेव्हा मी सिमरोलचा घाट उतरत असेन. डिकी भरताना तू पडद्याआड होतीस, त्याला आता चार तास झाले आणि मानसचा फोन अजून आलेला नाही. याचा अर्थ तू या वेळी गप्प राहिलीस, किंवा तू सांगितलंस आणि तो विमान शोधतो आहे. यातलं काय खरं, ते मी तुला विचारणार नाही, कारण तू सांगशील त्यावर माझा विश्वास बसणार नाही, आणि तो बसावा असं मला फार वाटतं. उद्या मी घरात नाही असं कळलं की तो फोन तुलाच करील, आधी तुला, मग मला. तुमची रीतच आहे ती. म्हणून हे पत्र तुला लिहिलं. तुला सांगितलं म्हणजे त्याला पोचलं, हे मला आता कळलं आहे, तर या वेळी मी समजून-उमजून सांगते आहे. त्याला सांग, आई मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदेला हात जोडून पुढे जाईल, पहिला मुक्काम बुऱ्हाणपूर, दुसरा संभाजीनगर, मग सोलापूर, विजापूर, हंपी, आणि पुढचं तुझ्या नकाशात आहेच. रोज अंधार पडायच्या आत थांबेन आणि त्याला फोन करीन. डॉक्टरांचा कागद फ्रिजवर लावला आहे. श्रियाबद्दल मी जे बोलले होते ते रडताना बोलले होते, हेही सांग. आणि हे सगळं सांगून झालं की त्याला जरा थांबव, फोन ठेवू देऊ नकोस, आणि गौतमपुऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांग. पोलीस, धूर, म्हातारा, खाट, बशीतला चहा, सगळं. त्या म्हाताऱ्याच्या आवाजात सांग, तुला जमते ती नक्कल. मी सांगितली होती तशीच सांग. त्यातलं हसू तू गाळलं होतंस, तेवढं परत घाल.

अजूनही तुझीच म्हणवणारी,
पद्मजा